मोटेचे पाणी आणि बलुत्याचा हिशेब

ग्रामजीवनाचे संग्रहालय पाहताना एक प्रश्न सोबत ठेवावा : समोर दिसणाऱ्या कामाचा मोबदला काय होता आणि ते काम नाकारण्याची मुभा होती का? अंबरनाथ एमआयडीसीत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सहज सुचतो. इथे प्रत्येक कामाला पाळी, दर आणि हजेरी असते. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या आवारातले सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय मी याच नजरेने पाहिले. गंमत अशी, की तेही गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारीच आहे.

उघड्या माळावर माणसाच्या उंचीचे सिमेंटचे पुतळे आहेत. लोहार भात्यापाशी आहे, कुंभार चाकापाशी, न्हावी गिऱ्हाइकापुढे. अंगावरच्या सुरकुत्या, बैलांची वशिंडे, धोतराच्या चुण्या इतक्या बारकाईने घडवल्या आहेत, की लहान मुले पुतळ्यांशी बोलू लागतात. यंत्राआधीचे स्वयंपूर्ण गाव दाखवणे हा मांडणीचा हेतू, आणि तो साधतो.

आता त्या गावातली एकच वस्तू घेऊ : मोट. विहिरीवरचे चाक आणि लाकडी सांगाडा सुताराचा. मोटेचे लोखंडी कडे लोहाराचे. कातडे कमावून शिवणारे ढोर-चांभार. जाड नाडा आणि सोंडेला बांधायचा सोंदूर वळणारा मांग. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराकडे. म्हणजे थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यामागे निदान पाच जातींचे हात होते. मात्र त्यांपैकी ज्यांनी कातडे आणि दोर पुरवले, त्यांनाच गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नसे. त्यांनी केलेली मोट विहिरीत उतरे, ते स्वतः मात्र नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यामागे हीच रीत होती.

मोबदल्याचे नाव बलुते : सुगीला खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’ (1915) या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने मांडली. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि वाटा त्यानुसार ठरे. बारा जणांची यादीही गावोगाव थोडी बदलते. या व्यवस्थेत जमेची बाजू होती. रोख पैसा नसलेल्या गावात नांगराचा फाळ वर्षभर शेवटला जाई, आणि कारागिराला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नसे. पण पीक बुडाले की वाटाही बुडे. शिवाय काम जन्माने ठरलेले. महार वतनात तर कामाला वेळेची मर्यादाच नव्हती. म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडले. दया पवारांनी 1978 मध्ये आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले. त्या शब्दाचा दुसरा अर्थ वाचकांपर्यंत तिथून पोचला.

पुतळा कौशल्य दाखवतो, करार दाखवत नाही. भात्याशेजारी बसलेल्या लोहाराच्या चेहऱ्यावरून तो वाटा मिळून समाधानी आहे की थकबाकीची वाट पाहतो आहे, हे कळत नाही. संग्रहालयाने पुतळे बदलायची गरज नाही. प्रत्येकाशेजारी एक पाटी पुरे : याने काय दिले, त्याला काय मिळाले, पाणी कुठून भरले.

हाच धडा आमच्याकडेही लागू आहे. कारखान्यांच्या भिंतींभोवती चिखलोली, मोरिवली ही जुनी गावे अजून नावाने उरली आहेत. भाताच्या लावणीत पाठीवर घ्यायचे इरले आता माळ्यावरही सापडत नाही. उद्या कोणी इथली इरली, कणग्या आणि विळे गोळा करून एखाद्या खोलीत मांडील, तर त्याच खोलीत कारखान्याचे हजेरीकार्ड आणि कंत्राटी कामगाराची पगारपावतीही ठेवावी. कामाच्या दोन व्यवस्था शेजारी आल्या, की पाहणारा दोन्हींना तोच प्रश्न विचारील. मग त्याला जुन्या गावाची उगीच हळहळ वाटणार नाही, आणि नव्या वसाहतीचे उगीच कौतुकही.