जुन्या कागदांचें मोल

वाडा विकावयाचा ठरला म्हणजे आधीं माळा रिकामा होतो. फुटके कंदील, पाळण्याच्या साखळ्या, पोंचे आलेलीं भांडीं यांच्या मागें कोठेंतरी तांबड्या खारव्यांत बांधलेलीं दोन-चार गांठोडीं निघतात. गांठ सोडून पाहावें तो आंत लांबट कागदांच्या वळकट्या, त्यांवर वळणदार मोडी अक्षर, आणि घरांत तें कोणालाच वाचतां येत नाहीं. शेजारीं पुठ्ठा गेलेलें एखादें शिळाछापाचें पुस्तक असतें, घडीवर फाटलेला कापडी नकाशा असतो. दारांत रद्दीवाला तराजू घेऊन उभाच असतो. आणि त्याच्या तराजूंत पेशवाईंतील पत्र व कालचें वर्तमानपत्र यांचा भाव सारखाच. अशा वेळीं घरच्या माणसांपुढें प्रश्न पडतो: यांत मोलाचें कांहीं आहे काय, आणि असल्यास तें ठरवावयाचें कसें?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनीं १८७८ सालीं पुण्यास ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक काढलें, तेव्हांपासून घरोघरच्या बखरी व पत्रें छापून निघूं लागलीं. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस पटवर्धनांचे कागद तपासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून जमविलेल्या कागदांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें असे बावीस खंड निघाले. ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. मेणवलीच्या वाड्यांतील नाना फडणिसांचें दप्तर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं मिळविलें. सातारच्या त्यांच्या संग्रहालयांतील ठेवा पुढें १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला. १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. आज मराठ्यांचा म्हणून जो इतिहास शाळेंत शिकविला जातो, त्याचा पुष्कळसा भाग अशा गांठोड्यांतूनच वर आलेला आहे.

तीं गांठोडीं इतकीं वर्षें टिकलीं कशीं, हेंही पाहण्यासारखें आहे. घराण्यांनीं तीं इतिहासाच्या प्रेमानें राखिलीं असें क्वचितच झालें. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, इनाम यांचा हक्क कागदावर अवलंबून असे. वांटणीचा वा सीमेचा तंटा उठला कीं सनद व महजर पुढें करावा लागे. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें हक्कांचे पुरावे मागितले, तेव्हां कागदाचें महत्त्व अधिकच वाढलें. परंतु १९५० च्या कायद्यानें परगणे व कुलकर्णी वतनें आणि १९६२ च्या कायद्यानें महसुली पाटलाचें पद रद्द झालें. ज्या कागदाच्या बळावर जमीन टिकत होती, तो कोर्टकचेरीच्या दृष्टीनें निरुपयोगी ठरला. त्याच सुमारास मोडी लिपीही व्यवहारांतून उठली. उपयोगही गेला आणि वाचणाराही गेला, अशा दुहेरी संकटांत सांपडून अनेक दप्तरें वाण्याच्या पुड्यांना व बंबाच्या जळणाला गेलीं.

एका कागदानें काय साधतें याचें उत्तम उदाहरण जेधे शकावलीचें होय. भोरकडील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरीं कांहीं जुनीं पानें होतीं. त्यांत तिथीवार नोंदी होत्या: अमुक शकांत अमुक लढाई, अमुक महिन्यांत अमुकाचा मृत्यु. त्यांत ना भाषेचा थाट, ना वर्णनाची हौस. लोकमान्य टिळकांनीं ती शकावली १९१६ सालीं प्रसिद्ध केली. शिवाजीमहाराजांचा जन्म १६२७ सालचा असें तोंवर सामान्यतः मानीत. या शकावलींत तो शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं दिला होता. एकट्या कागदाच्या साक्षीवर विद्वानांनीं विश्वास ठेविला नाहीं, व तें योग्यच झालें. पुढें तंजावरास मिळालेलें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ १९२७ सालीं छापून निघालें, राजस्थानांत महाराजांची जन्मपत्रिका सांपडली, आणि हे तिन्ही पुरावे एकमेकांशीं जुळले. तीं पानें रद्दींत गेलीं असतीं तर किती पैसे आले असते याचा हिशेब करणेंही हास्यास्पद आहे.

आतां बाजाराच्या मोलाकडे वळूं. जुनें तें सर्व दुर्मिळ, हा पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज होय. एकोणिसाव्या शतकांत छापलेल्या कित्येक धार्मिक पोथ्यांच्या प्रती आजही घरोघरीं आहेत; त्यांना वय आहे, पण दुर्मिळता नाहीं. पुस्तकाचें मोल तीन गोष्टींवर ठरतें: प्रती किती उरल्या, मागणारे किती आहेत, आणि हातांतील प्रत कितपत पूर्ण आहे. मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेंतील ग्रंथांना ‘दोलामुद्रितें’ म्हणतात आणि त्यांची मर्यादा साधारणपणें १८६७ पर्यंत धरतात, कारण त्या वर्षीं छापील पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. विल्यम कॅरी यांचें श्रीरामपूर येथें १८०५ सालीं छापलेलें मराठीचें व्याकरण हें अशा ग्रंथांपैकीं एक. त्याहूनही जुनी कथा गोव्याची आहे. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ हें मराठी काव्य रोमन लिपींत १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें, १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें. तरी या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हातीं आलेली नाहीं. तें काव्य टिकलें तें हस्तलिखितांच्या आधारें.

आवृत्ति हा दुसरा मुद्दा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ ची व दुसरी, वाढविलेली, १८५७ ची. शब्द पाहणाराला दुसरीच अधिक उपयोगी; संग्राहक मात्र पहिलीच्या शोधांत असतो. दोघेही आपापल्या जागीं बरोबर आहेत. तिसरा मुद्दा पूर्णतेचा. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडनला तीन भागांत निघाला. त्यांतील एक भाग नसला तर उरलेल्या दोहोंचें मोल दोन तृतीयांश राहत नाहीं, त्याहून पुष्कळ खालीं येतें. मुखपृष्ठ नसणें, चित्रें कापलेलीं असणें, नव्या बांधणींत कडा छाटल्या जाणें, यांमुळेंही किंमत उतरते. उलट, पानावर कसरीनें केलेलीं चार भोकें अनुभवी गिऱ्हाईक फारशीं मनावर घेत नाहीं.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. चिंध्यांच्या लगद्याचा, हातानें केलेला व घोटलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद दोनशें-तीनशें वर्षें सहज टिकतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जो लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, तो अंगच्या आम्लानेंच पिवळा पडून तुकडे तुकडे होतो. त्यामुळें सवाई माधवरावांच्या वेळचें पत्र हातीं धड येतें, आणि १९२० सालचें नाटकाचें हस्तपत्रक चिमटींत भुगा होतें. नाटकांचीं पत्रकें, सभांच्या जाहिराती, दुकानांचे भावपत्रक, शाळेचे अहवाल हीं त्या काळीं कोणी जपून ठेविलीं नाहींत. म्हणूनच आज तीं शोधून सांपडत नाहींत.

नकाशांचा प्रकार थोडा निराळा. लिन्स्कोटेनच्या १५९६ च्या प्रवासग्रंथांतील गोव्याचा आराखडा किंवा जेम्स रेनेल यानें १७८२ सालीं प्रसिद्ध केलेला हिंदुस्थानचा नकाशा, हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. अशा छपाईंत दाबामुळें पत्र्याच्या कडेचा ठसा कागदावर उमटतो. बोट फिरविलें तर तो जाणवतो. मागाहून काढलेल्या छायामुद्रित प्रतींत तो खोलवा नसतो. रंग बहुधा हातानें भरलेले असत, आणि विक्रीसाठीं नवे रंग भरण्याची लबाडीही चालते. पण मोठा अनर्थ दुसराच आहे. अखंड नकाशासंग्रहापेक्षां त्यांतील नकाशे सुटे करून, चौकटींत बसवून विकले तर पैसा अधिक मिळतो. म्हणून अनेक ग्रंथ फाडले गेले. भिंतीवर एक शोभेची वस्तु आली आणि एक ग्रंथ जगांतून कमी झाला. शोभेला न येणारे नकाशे तर कोणी विचारीतच नाहीं. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत विंगेट व गोल्डस्मिड यांनीं बसविलेल्या जमाबंदीपासून मुंबई इलाख्यांत गांवोगांव मोजणी होत गेली. तिच्यांतून तयार झालेले शेतवारीचे नकाशे दिसायला रूक्ष, पण जुनी वाट, बुजलेली विहीर, नाहींशी झालेली वाडी यांचा पत्ता त्यांतच लागतो.

कागदपत्रांच्या बाबतींत खऱ्या-खोट्याची पारख सर्वांत कठीण. जाणकार आधीं काळ जुळवून पाहतो. जुन्या पत्रांत शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन १७६०-६१, म्हणजे पानिपतचें वर्ष येतें. सन, तिथि व वार यांचा मेळ बसला नाहीं तर संशय घ्यावा. राज्याभिषेक शक १६७४ पासून सुरू झाला. त्यापूर्वींच्या पत्रावर तो दिसला तर तें पत्र बनावटच. विलायती कागद उजेडापुढें धरला कीं त्यांतील पाणछाप दिसते, आणि १७९४ पासून इंग्लंडांतील कागदांत पुष्कळदां सालही घातलेलें असतें. पत्रावरील तारीख त्या सालाच्या आधींची असली तर निकाल लागलाच. माथ्याचा शिक्का, शेवटचें मोर्तब, कारकुनाचें वळण, मायन्याची रीत, हीं पुढचीं साधनें. मात्र दोन गोष्टींचें भान ठेवावें लागतें. जुन्या काळीं केलेली नक्कल ही बनावट नव्हे. अस्सल नष्ट झालें असेल तर तीच अस्सलाच्या जागीं. आणि वतनाच्या लोभानें केलेल्या खोट्या सनदाही शंभर-दोनशें वर्षांच्या असूं शकतात. कागद जुना ठरल्यानें मजकूर खरा ठरत नाहीं.

येथेंच विक्रीचा खरा पेंच उभा राहतो. दप्तर हें एखाद्या घराण्याचें बोलणें असतें. एका पत्राला दुसऱ्यांत उत्तर असतें, हिशेबाच्या यादींत तिसऱ्याचा उलगडा असतो. बाजाराला मात्र सुटा, ठळक शिक्क्याचा, नांवाजलेल्या पुरुषाचा कागद हवा. विक्रेत्यानें रुमालांतून असे दहा कागद वेगळे काढून दहांना विकले कीं त्याला पैसा मिळतो, दहा गिऱ्हाइकांना समाधान मिळतें, आणि मागें राहिलेले दोनशें कागद मुके होतात. कोणत्या घरचा कागद, कोणत्या गांवीं, कोणत्या गांठोड्यांत होता ही माहिती एकदां तुटली कीं पुन्हां जोडतां येत नाहीं. म्हणून विक्रेत्याला सर्वस्वीं दोष देणें मात्र न्यायाचें नाहीं. जुन्या बाजारांत पहांटे जाऊन रद्दीच्या ढिगांतून पुस्तक ओळखून उचलणारा विक्रेता नसता तर कितीतरी दोलामुद्रितें लगद्यांत गेलीं असतीं. चांगला विक्रेता वस्तूचा मूळ ठिकाणा लिहून ठेवतो, दोष लपवीत नाहीं, जोड फोडीत नाहीं, आणि विकण्यापूर्वीं एखाद्या संस्थेला प्रत घेऊं देतो.

कायद्याचीही मर्यादा आहे. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचें पंचाहत्तर वर्षांपूर्वींचें हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावस्तूंत मोडतो. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करावयास परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. सरकारी दप्तराचा शिक्का असलेला कागद बाजारांत आढळला तर तो तेथें कसा आला, हें घेणारानें आधीं विचारलें पाहिजे.

तेव्हां माळ्यावर गांठोडें सांपडलें तर काय करावें? प्रथम कांहींच करूं नये. कागदांचा क्रम मोडूं नये. रुमाल जसा बांधला असेल तसाच राहूं द्यावा. ओल्या फडक्यानें पुसूं नये, कारण काजळाची शाई पाण्यानें फिसकटते. चिकटपट्टी लावूं नये, तिचा डाग जन्माचा राहतो. ऊन व ओल यांपासून दूर, सुती कापडांत गुंडाळून, वाळवी न पोंचेल अशा जागीं ठेवावें. घरांतील वडील मंडळींना त्याविषयीं जें आठवत असेल तें एका कागदावर लिहून आंत घालावें. नंतर मोडी वाचणाऱ्या जाणकारास दाखवावें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राजवाड्यांच्या पश्चात् १९२७ सालीं धुळ्यास निघालेलें संशोधन मंडळ अशा संस्था याच कामासाठीं स्थापन झालेल्या आहेत. हल्लीं कागदाची छायाप्रत घेणें सोपें झालें आहे. मूळ वस्तु घरीं राहूनही मजकूर अभ्यासकांस मिळूं शकतो. आणि विकणें भागच असेल, कारण प्रत्येक घराची परिस्थिति सारखी नसते, तर छायाप्रत काढून, ठिकाणा लिहून, सबंध दप्तर एकालाच विकावें. पैसे कदाचित् थोडे कमी येतील. पण त्या घराण्याचें बोलणें मध्येंच तुटणार नाहीं.