श्वानांचे अंगमर्दन : उपयोग आणि मर्यादा

घोड्यास खरारा करणे हा अश्वपालनाचा नित्याचा भाग होय. देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जूं वाहून कठीण झालेल्या खांद्यास हळद-लोणी चोळण्याच्या या प्रथेमागे श्रमलेल्या जनावराविषयीची कृतज्ञता आहे, तसेच व्यवहारज्ञानही आहे. कुळागराची व काजूच्या बागेची रात्रंदिवस राखण करणाऱ्या कुत्र्याच्या वाट्यास मात्र अशी सेवा क्वचितच येते. तो म्हातारा झाला, मागच्या पायांनी लटपटू लागला, की 'वय झाले' एवढे म्हणून त्यास साखळीला बांधून ठेवण्यात येते. याउलट शहरांतून अंगमर्दनाचा बराच गवगवा होत असून त्याने संधिवातापासून चिडखोर स्वभावापर्यंत सर्व काही बरे होते, असे सांगणारेही भेटतात. या दोन टोकांमधील वस्तुस्थिती पशुपालकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कुत्र्याच्या शरीराची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मनुष्याचा हात गळ्याखालच्या हाडाने, म्हणजे जत्रुकास्थीने, धडाशी जोडलेला असतो. कुत्र्यात हे हाड जवळजवळ लोप पावलेले आहे. त्याचे पुढचे पाय धडास हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून केवळ स्नायूंनी टांगल्यासारखे असतात आणि उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार याच पायांवर असतो. आता खुब्याचा सांधा झिजून मागचा पाय दुखू लागला, की कुत्रा आपला भार हळूहळू पुढे सरकवितो. परिणामी मान, खांदे व दंड यांचे स्नायू सदैव ताठ राहतात व कालांतराने तेही दुखू लागतात. म्हणजे मूळ व्याधी एकीकडे आणि तिचा शीण दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. अंगमर्दनाचा खरा उपयोग या शिणलेल्या स्नायूंस होतो. चोळण्याने त्वचेखालील रक्ताचे व लसीकेचे वहन सुधारते, आखडलेला स्नायू सैल पडतो आणि जनावर शांत होते. मात्र सांध्यातील झिजलेली कूर्चा त्यामुळे पुन्हा उगवत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पशूंच्या पुनर्वसन-चिकित्सेस अमेरिकेत २०१० साली पशुवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. तीतही अंगमर्दन हे व्यायाम, औषधे व वजननियंत्रण यांच्या जोडीचे साधन मानले जाते, स्वतंत्र उपचार नव्हे.

पद्धत सोपी आहे. खाणे होऊन दोन तास तरी लोटलेले असावेत आणि जागा निवांत असावी. कुत्र्यास गोणपाटावर किंवा जुन्या चटईवर आपखुशीने आडवे होऊ द्यावे, दाबून धरू नये. प्रथम सपाट तळव्याने मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, केसांच्या दिशेने, सावकाश हात फिरवावा. कण्याच्या मणक्यांवर दाब न देता त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावरून हात न्यावा. दोन-तीन मिनिटांनी कुत्रा सैलावला, म्हणजे बोटांच्या पेरांनी खांद्यावर लहान लहान वर्तुळे काढावीत. नंतर दंडाचा व मांडीचा स्नायू अंगठा आणि बोटे यांमध्ये धरून हलकेच मळावा. कणीक तिंबताना लावतो तो जोर येथे कामाचा नाही. पायांवर चोळताना हाताची दिशा पंजाकडून धडाकडे, म्हणजे हृदयाकडे असावी. सर्व मिळून १० ते १५ मिनिटे पुरेशी होतात. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या मुधोळ जातीच्या कुत्र्यांसारख्या सडपातळ, पातळ कातडीच्या कुत्र्यांस तर हात अधिकच हलका हवा.

पापण्या जड होणे, लांब श्वास सुटणे, पाय सैल पडणे ही सुखाची चिन्हे होत. मान वळवून हाताकडे पाहणे, वारंवार ओठ चाटणे, कान मागे घेणे, ठराविक जागी कातडी थरथरणे ही दुखत असल्याची चिन्हे समजावीत. कुत्रा गुरगुरला तर त्यास दटावू नये. ती त्याने दिलेली सूचना होय. दटावून ती बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते अंगमर्दनाचा सर्वांत मोठा लाभ निराळाच आहे. कुत्रा वेदना लपवितो आणि लंगडणे नजरेस येईपर्यंत व्याधी बरीच पुढे गेलेली असते. रोज फिरणाऱ्या हातास ती आधी कळते. डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. एक मांडी दुसरीहून बारीक लागते काय, एखादा सांधा ऊन लागतो काय, काल नसलेली गाठ आज आहे काय, कानामागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे काय, हे सहज ध्यानात येते. शिंप्याच्या टेपाने दोन्ही मांड्यांचा घेर एकाच ठिकाणी दरमहा मोजून टिपून ठेवल्यास ते टाचण पशुवैद्यकास फार उपयोगी पडते.

काही प्रसंगी मात्र हात आवरलाच पाहिजे. ताप, ताजी जखम, मुका मार किंवा अस्थिभंगाचा संशय असल्यास चोळू नये. पाठ कमानीसारखी करून कुत्रा किंचाळत असेल अथवा मागचे पाय एकाएकी ओढत चालत असेल, तर मणक्यांमधील चकती सरकलेली असू शकते. अशा वेळी चोळण्यात घालविलेला दिवस त्यास कायमचा पंगू करू शकतो. कातडीतील गाठ दाबू नये, कारण काही अर्बुदांतून दाबाने दाहकारक द्रव्ये रक्तात सुटतात. जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा गुडघ्यामागे सुजलेल्या ग्रंथी गोचिडांमुळे होणाऱ्या ज्वराच्या निदर्शक असू शकतात. त्या चोळून जिरत नाहीत, रक्ततपासणी करून घ्यावी लागते. पोट फुगून कुत्रा नुसतेच उमासे देत असेल, तर पोट चोळत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा, कारण मुरड पडलेले जठर काही तासांत प्राण घेते.

तेलाची गरज नाही. केसाळ अंगावर तेल लावल्याने धूळ बसते आणि कुत्रा ते चाटून टाकतो. कापूर, निलगिरी अथवा विंटरग्रीन असलेली माणसांची मलमे तर पोटात जाऊन विषबाधा करतात. घरातील वेदनाशामक गोळ्यांविषयीही तेच. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात, तर पॅरासिटामॉल यकृतास घातक ठरते.

सांधेदुखीच्या कुत्र्यास चोळण्याहून अधिक आराम वजन घटल्याने पडतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांतील निम्म्यांना जन्मभर २५ टक्के कमी आहार देण्यात आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. उरलेला भात व माशांचे काटे ताटलीभर घालणे हे प्रेमाचे लक्षण समजणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

हे सर्व विवेचन घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यासंबंधी आहे. गोवा राज्य २०२१ साली रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले असले, तरी वार्षिक लस चुकविता कामा नये. एरवी लाडिक असलेला कुत्रा एकाएकी स्पर्श सहन करीनासा झाला, लाळ गाळू लागला, त्याचा आवाज बदलला किंवा त्यास गिळता येईनासे झाले, तर घशात हाड अडकले असेल अशा समजुतीने तोंडात हात घालू नये. त्यास कोंडून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. ओरखडा अथवा चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यावी.