नेसरीची खिंड आणि सामानगड

पाठ्यपुस्तकातल्या सनावळ्या घोकताना त्यांतील एखादी घटना आपल्याच शिवारालगत घडली, हे भान विद्यार्थ्यांस क्वचितच असते. परंतु गडहिंग्लज तालुक्याच्या भूमीवर अशा दोन तारखा कायमच्या कोरल्या गेल्या आहेत.

पहिली २४ फेब्रुवारी १६७४. उमराणीस कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानास सरनौबत प्रतापराव गुजरांनी अभय देऊन सोडले आणि तोच खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या कठोर शब्दांनी व्यथित झालेले प्रतापराव, परंपरा सांगते त्याप्रमाणे, फौजेची वाट न पाहता अवघ्या सहा स्वारांनिशी नेसरीच्या खिंडीत शत्रूवर तुटून पडले आणि सातही वीर धारातीर्थी पडले. त्यानंतर १०२ दिवसांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. पुढे प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजाराम महाराजांची पत्नी झाली.

दुसरी तारीख १३ ऑक्टोबर १८४४. कोल्हापूरच्या कारभारात कंपनी सरकारचा शब्द चालू लागला आणि गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी मामलेदारांच्या अंमलाखाली गेल्या, तेव्हा सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद करून बंडाचे निशाण उभारले. अखेर या दिवशी कंपनीच्या फौजेने हल्ला करून गड घेतला.

आज गडावरील सात कमानींच्या विहिरीत, जांभ्या दगडातल्या पायऱ्यांवरून एकेका कमानीखालून उतरताना, इतिहास म्हणजे केवळ राजांची वंशावळ नव्हे, तर पहाऱ्यावर आयुष्य वेचणाऱ्या अनामिकांची निष्ठाही होय, हे मनोमन पटते.