जीपने हवा धरली

विहिरीवरची मोटार कधी कधी नुसतीच फिरते, पाणी ओढत नाही. तेव्हा मोठी माणसे म्हणतात, "मोटारीनं हवा धरली." पण जीपसुद्धा हवा धरते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ते यंदा मार्च महिन्यात कळले.

माझा काका जीप चालवतो. आमच्या गावाहून गंगाखेडला माणसे नेतो आणि आणतो. सोमवारी ताईचा दहावीचा पेपर गंगाखेडला होता. ताई आणि तिच्या चार मैत्रिणी काकाच्या जीपनेच जाणार होत्या. शनिवारी जीपच्या रेडिएटरचा रबरी पाइप फुटला. काकाने नवा पाइप बसवला, घाईघाईने पाणी भरले आणि झाकण लावले. संध्याकाळी चढावर जीपचा काटा वर वर जाऊ लागला. काकाने लगेच जीप बंद केली. निवल्यावर हळूहळू घरी आणली.

आजी म्हणाली, "आत्ताच पाणी भरलंस, मग इंजन कशानं तापायलंय?"

मी झाकण उघडून बघायला धावलो. काका ओरडला, "हात लावू नको!" त्याने आपला उजवा हात दाखवला. त्याच्यावर भाजल्याचा पांढरा डाग आहे. पूर्वी एकदा त्याने गरम जीपचे झाकण उघडले होते. पाणी १०० अंशांना उकळते. पण झाकण घट्ट असले की कुकरसारखा दाब होतो आणि पाणी त्याहून जास्त तापते, तरी उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो, पाणी एकदम उकळते आणि अंगावर उडते.

मग काकाने मला सगळे समजावून सांगितले. इंजिनात पाण्यासाठी पोकळ वाटा असतात. पंप त्यांतून पाणी फिरवतो. पाणी इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते. तिथे वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात जाते. घाईने पाणी भरले की आत हवा अडकते. हवा हलकी असते. ती उंच जागी जाऊन बसते, गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा बसतो तशी. हवा बसली तिथे पाणी पोचत नाही. ती जागा तापते. तशीच गाडी पळवली तर इंजिनाचे हेड वाकते आणि खर्च फार येतो.

रविवारी सकाळी इंजिन अगदी थंड होते. काकाने हवा अशी काढली :

१) जीपचे तोंड चढाकडे करून उभी केली. चाकांना दगड लावले. त्यामुळे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच झाले.

२) झाकण काढले. कूलंट मिसळलेले पाणी बारीक धारेने ओतले.

३) झाकण उघडे ठेवूनच इंजिन जागेवर चालू केले. मला लांब उभे केले. कारण पंख्यात हात जाऊ शकतो आणि पाणीही उडू शकते.

४) आत थर्मोस्टॅट नावाचे छोटे दार असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या आसपास तापले की ते उघडते. ते उघडताच गुडगुड बुडबुडे आले आणि पाणी खाली गेले. काकाने पुन्हा थोडे ओतले.

५) बुडबुडे थांबले. पाणी खाली जाईना. मग झाकण घट्ट लावले.

ज्या गाडीला हीटर असतो, तिचा हीटरही तेव्हा गरमवर चालू ठेवतात. म्हणजे त्याच्या नळीतली हवा निघते. काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो. कूलंट खाली सांडले तर लगेच पुसावे. ते गोड लागते पण विषारी असते. कुत्री चाटतात.

संध्याकाळी काका त्याच चढावर जाऊन आला. काटा मध्येच राहिला. सोमवारी ताई पेपरला वेळेवर पोचली.

मित्रांनो, गाडीला पाणी भरताना घाई करू नये आणि गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. विसरलात तर माझ्या काकाचा हात बघायला या.

– इयत्ता चौथी