आकाशातून मोजणी, जमिनीवरून खातरजमा

मुंबई इलाख्यात जमिनीची पद्धतशीर मोजणी करून प्रत्येक क्षेत्राचा सारा ठरविण्याचे जे काम गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून हाती घेतले, त्यातूनच महाराष्ट्रातील शेतजमिनीचे दप्तर पुढे उभे राहिले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे आणि काटकोन साधणारा शंकू एवढ्या साधनांनिशी बांधाबांधावरून पायी फिरून लिहिलेली टिपणे भूमी अभिलेखाच्या कचेऱ्यांत आजही पुराव्यादाखल उघडली जातात. त्या मोजणीने एक जागा मात्र मोकळी सोडली, ती म्हणजे गावठाण. गावठाणातील घरांवर शेतसारा नव्हता, आणि ज्यावर सारा नाही ते तपशिलाने मोजण्याचे सरकारला प्रयोजन नव्हते. म्हणून नकाशावर शेतांच्या चौकटी रेखीव उमटल्या, तरी जेथे माणसे राहतात तो भाग एका रेषेने वेढलेला आणि आतून कोरा राहिला. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठमधील नोंद हाच बहुसंख्य घरमालकांचा आधार होता, आणि ती नोंद मुळात कर-आकारणीसाठी असल्यामुळे मालकीचा कज्जा उभा राहिला की तिचे बळ अपुरे पडे.

हे न्यून दूर करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनच्या साह्याने प्रथम झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या स्वामित्व योजनेने तीच रीत देशभर नेली. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने या योजनेची तांत्रिक बाजू सांभाळली. तेव्हापासून तालुक्याच्या गावांतही ड्रोन घेऊन मोजणीचा व्यवसाय करू इच्छिणारे तरुण दिसू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र त्यांचे प्रश्न ऐकले म्हणजे काळजी वाटते. कारण कोणता ड्रोन घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, संगणक किती ताकदीचा असावा, हे सर्व विचारले जाते, आणि जमिनीवर नियंत्रणबिंदू, म्हणजे निर्देशांक मोजलेल्या खुणा, किती घालावे व ते कशाने मोजावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते तोच प्रश्न पहिला आहे आणि बाकीचे त्याच्या मागून येतात.

छायाचित्रांवरून मापे काढण्याची विद्या ड्रोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. फ्रान्समध्ये एमे लॉसेदा या लष्करी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच तिचा पाया घातला. जर्मनीतील आल्ब्रेख्त मायडेनबाउअर या तरुण वास्तुविशारदाला वेट्झलार येथील भव्य चर्चची मापे घेताना १८५८ मध्ये उंचावरून कोसळण्याचा प्रसंग आला होता. त्यातून वाचल्यावर, भिंतीवर चढून जे मोजायचे ते जमिनीवर उभे राहून घेतलेल्या छायाचित्रांवरून का मोजू नये, या विचाराने त्याने सारे आयुष्य या कामाला वाहिले, आणि १८८५ मध्ये बर्लिन येथे प्राचीन वास्तूंची छायाचित्रे मापनासाठी संग्रहित करणारी सरकारी संस्था उभी केली. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे किंवा आपल्या किल्ल्यांचे ढासळते बुरूज यांचे अचूक अभिलेख तयार करू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. संरक्षित स्मारकांवर उड्डाण करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र घेतलीच पाहिजे.

तत्त्व साधे आहे. एकच बिंदू दोन निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत दिसला, आणि ती ठिकाणे व कॅमेऱ्याचा रोख ठाऊक असला, तर दोन किरण जेथे छेदतात तेथे तो बिंदू अवकाशात निश्चित होतो. पूर्वी हे काम प्रशिक्षित माणूस प्रचंड यंत्रावर दोन्ही डोळ्यांनी पाहून करीत असे. डेव्हिड लोव या संशोधकाने १९९९ मध्ये छायाचित्रांतील ठळक खुणा, आकार व कोन बदलला तरी, ओळखण्याची रीत मांडली. तशा रीतींमुळे शेकडो छायाचित्रांतील समान बिंदू संगणक आपण होऊन जुळवू लागला, आणि कॅमेऱ्याची जागा, त्याचा रोख व भिंगाचे दोष ही सर्व अज्ञाते एकाच वेळी सोडवू लागला. परंतु जेथे समान खूण सापडत नाही तेथे हे गणित थांबते. वाऱ्याने हलणारा ऊस, पाण्याने भरलेली भातखाचरे, तळ्याचा स्वच्छ पृष्ठभाग येथे जुळणी तुटते किंवा चुकते. आणि ऊस उभा असताना कॅमेऱ्याला उसाचा शेंडा दिसतो, जमीन दिसत नाही. म्हणून शेतजमिनीचे चढउतार हवे असतील तर पीक निघाल्यावर, पावसाळ्यापूर्वी, सूर्य माथ्याकडे आला असता व वारा पडलेला असता काम करावे.

आता उड्डाणाची उंची. एका चित्रबिंदूत जमिनीचा किती भाग सामावतो, यावर नकाशाची सूक्ष्मता अवलंबून असते. फँटम ४ प्रो या जुन्या पण पुष्कळांच्या परिचयाच्या ड्रोनचा कॅमेरा घेतला, तर शंभर मीटर उंचीवरून हा भाग सुमारे २.७ सेंटिमीटर भरतो आणि साठ मीटरवरून सुमारे १.६ सेंटिमीटर. साठ मीटरवरून एका छायाचित्रात ९० मीटर रुंद व ६० मीटर लांब जागा येते. पुढील छायाचित्राशी ८० टक्के आणि शेजारच्या ओळीशी ७० टक्के व्याप्ती राखायची म्हटले, तर प्रत्येक छायाचित्रामागे नवी जागा केवळ १२ गुणिले २७, म्हणजे ३२४ चौरस मीटर, अर्थात तीन गुंठ्यांहून थोडी अधिक मिळते. वीस हेक्टरांच्या गावठाणाला त्या हिशेबाने सहाशेहून अधिक छायाचित्रे लागतात. व्याप्तीत काटकसर करून बॅटरी वाचविण्याचा मोह पुष्कळांना होतो. अरुंद बोळ, उंच झाडे आणि दाटीची घरे असलेल्या ठिकाणी ती काटकसर पुढे नकाशात भोके पाडते.

ड्रोन निवडताना मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा शटरकडे पाहावे. ज्या कॅमेऱ्यात चित्राच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात, त्यात पूर्ण चित्र वाचण्यास सेकंदाचा तिसावा भाग लागला आणि ड्रोन सेकंदाला दहा मीटर वेगाने जात असला, तर पहिल्या व शेवटच्या ओळीच्या दरम्यान ड्रोन ३३ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. काही सॉफ्टवेअर हा दोष गणिताने कमी करतात, पण यांत्रिक शटर असलेला कॅमेरा मुळातच त्या दोषापासून मुक्त असतो. शटरचा वेग एक-हजारांश सेकंद ठेवल्यास त्याच गतीला पुसटपणा एक सेंटिमीटरच उरतो. फोकस उड्डाणापूर्वी स्थिर करावा.

आणि आता जमिनीकडे येऊ, कारण खरे काम तेथेच आहे. ड्रोनमधील साध्या जीपीएसची चूक काही मीटरांची असते; त्यावरून तयार झालेला नकाशा पाहायला सुंदर दिसतो, पण दोन शेजाऱ्यांमधील भिंतीची हद्द सांगण्यास तो सर्वथा नालायक असतो. आरटीके किंवा पीपीके पद्धतीचा, म्हणजे जमिनीवरील स्थानकाच्या आधाराने आपले स्थान सुधारून घेणारा, ड्रोन प्रत्येक छायाचित्राचे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत देतो हे खरे. तरीही त्याच्या पायाचे स्थानक चुकीच्या निर्देशांकांवर मांडले गेले, तर सारा नकाशा एकसंध सरकतो आणि त्याच्या अंतर्गत अहवालात कोठेही दोष दिसत नाही. म्हणून जमिनीवर ठळक काळ्या-पांढऱ्या खुणा घालून त्यांचे निर्देशांक रोव्हरने, म्हणजे हाती फिरविण्याच्या उपग्रह-ग्राहकाने, स्वतंत्रपणे घ्यावेत; हेच नियंत्रणबिंदू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे अखंड चालणाऱ्या संदर्भ-स्थानकांची सेवा आता त्यासाठी उपलब्ध आहे. खुणा क्षेत्राच्या कडांवर असाव्यात, मध्यभागी असाव्यात, आणि टेकाड व ओढा असल्यास सर्वांत उंच व सर्वांत सखल जागीही असाव्यात. मध्यभाग सोडला, तर भिंगाच्या दोषाचे गणित किंचित चुकून सपाट माळही नकाशात घुमटासारखा फुगतो किंवा परातीसारखा खोलगट होतो. यावर आणखी एक उपाय म्हणजे पहिल्या ओळींना काटकोनात दुसरे उड्डाण करणे व काही छायाचित्रे तिरकी घेणे.

या खुणांपैकी काही गणितात मुळीच न घालता बाजूला ठेवाव्यात आणि नकाशा पूर्ण झाल्यावर त्यांची नकाशावरील जागा व प्रत्यक्ष मोजलेली जागा ताडून पाहावी. त्यांना तपासबिंदू म्हणतात. ज्या बिंदूंना धरून नकाशा बसविला त्यांच्यावरची चूक थोडी दिसणारच; न वापरलेल्या बिंदूंवरची चूक हीच नकाशाची खरी चूक होय. हे साधे वाक्य समजून काम करणारा मनुष्य जुन्या ड्रोननेही विश्वासार्ह नकाशा देतो, आणि न समजणारा अतिशय महाग सामग्री घेऊनही देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याने दोन गोष्टी विशेष जपाव्यात. पहिली प्रक्षेपाची: राज्याचा बहुतांश भाग यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, परंतु ७८ अंश रेखांश ओलांडला की नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडील मुलूख ४४ व्या पट्ट्यात जातो, आणि पुण्यात ठरविलेली मांडणी तेथे जशीच्या तशी वापरल्यास निर्देशांकांचा मेळ बसत नाही. दुसरी उंचीची: उपग्रहांवरून मिळणारी उंची गणिती विवृत्ताभापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, आपल्या भागात या दोहोंत साठ-सत्तर मीटरांचा फरक पडतो. कालवा, बंधारा किंवा पाण्याची वाहिनी आखताना काही बिंदू एका पद्धतीचे व काही दुसऱ्या पद्धतीचे मिसळले गेले, तर त्या आराखड्याला काही अर्थच उरत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझा सल्ला थोडक्यात देतो. शिकण्यासाठी आणि बेताच्या कामासाठी वेबओडीएम घ्यावे. ते मुक्त स्रोताचे आहे, त्यात नियंत्रणबिंदू वापरता येतात, आणि नकाशा तपासण्यासाठी क्यूजीआयएस व बिंदुसमूह पाहण्यासाठी क्लाउडकंपेअर ही दोन्ही विनामूल्य मिळतात. नित्य व्यवसायासाठी एजिसॉफ्टचे मेटाशेप उत्तम, कारण त्यात प्रत्येक पायरीवर हस्तक्षेप करता येतो आणि चुकीचे बिंदू वेचून काढता येतात. मात्र त्याची स्वस्त साधी आवृत्ती घेऊन फसू नये, नियंत्रणबिंदू व ऑर्थोमोझेक नकाशा यांची सोय व्यावसायिक आवृत्तीतच आहे. स्वित्झर्लंडचे पिक्सफोरडी अहवालाच्या सुबोधतेमुळे शिकणाऱ्याला सोयीचे. वास्तू व शिल्पे यांच्यासाठी रिॲलिटीकॅप्चर, ज्याला आता रिॲलिटीस्कॅन म्हणतात, फार वेगवान आहे; वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरांच्या आत असणाऱ्यांना २०२४ पासून ते विनामूल्य आहे, पण त्याला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते.

संगणकावर पैसा खर्च करताना प्रथम रॅम घ्यावी. काही शेकडो छायाचित्रांना ३२ जीबी पुरते. दोन-तीन हजारांच्या कामाला ६४ ते १२८ जीबी हवी. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड, कारण छायाचित्रे जुळविणे व खोलीचे नकाशे काढणे ही कामे त्यावर चालतात, आणि मग वेगवान एनव्हीएमई डिस्क. मूळ छायाचित्रांच्या दोन प्रती निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. सॉफ्टवेअर उद्या बदलेल, पण मूळ छायाचित्रे आणि नियंत्रणबिंदूंची वही असली तर वीस वर्षांनीही नकाशा नव्याने काढता येईल.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अमलात आलेल्या ड्रोन नियमांनुसार, अडीचशे ग्रॅमपर्यंतचे नॅनो आणि बिनव्यवसायी वापराचे मायक्रो ड्रोन वगळता चालकाला प्रमाणपत्र हवे, आणि ड्रोनची नोंदणी हवी. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत मुभा आहे, पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात ती दोनशे फुटांवर येते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढेच अपवाद. त्यामुळे चोरवाटेने आलेला स्वस्त ड्रोन घेण्यापेक्षा नवी मुंबईच्या आयडियाफोर्जसारख्या देशी उत्पादकांकडे, किंवा नोंदणी झालेला ड्रोन भाड्याने देणाऱ्याकडे वळावे. नकाशा करण्याची मोकळीक मात्र वाढली आहे: १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना पूर्वपरवानगीच्या जाचातून सोडविले.

एवढे सर्व साधले, तरी ड्रोनला काय दिसत नाही हे विसरू नये. त्याला छपरे दिसतात. पन्हाळीखाली दोन फूट आत असलेली भिंत दिसत नाही, वडाच्या पसाऱ्याखालचा ओटा दिसत नाही, आणि दोन भावांनी तोंडी वाटून घेतलेल्या अंगणातील रेषा तर कोणत्याच कॅमेऱ्याला दिसणार नाही. म्हणूनच गावठाण मोजणीत उड्डाणापूर्वी ग्रामसभा घेऊन, धारकांच्या समक्ष प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखण्याची रीत ठेवली आहे. छायाचित्रात उमटते ती ही चुन्याची रेघ, आणि ती चुकीची पडली तर पाच सेंटिमीटरांच्या अचूकतेने चूकच नोंदली जाते. छपराखालच्या भिंतींचे अंतर टेपने घेऊन नकाशात भरावे लागते. या पायी कामाला वेळ व मजुरी लागते, आणि कंत्राटात नेमकी तीच कापली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा ज्या ग्रामपंचायती, सहकारी संस्था, बागाईतदार किंवा विकासक ड्रोन मोजणीचे काम कोणाला देणार असतील, त्यांना माझी विनंती आहे की दर ठरविण्यापूर्वीच करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: नियंत्रणबिंदूंचे निर्देशांक व त्यांची छायाचित्रे, न वापरलेल्या तपासबिंदूंवरील चुकीचा तक्ता, आणि मूळ छायाचित्रांची संपूर्ण प्रत, व या तिन्ही हाती पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.