बारावीनंतर घरी बसवू नका

व्यापारी व कारागीर बंधूंनो, या पानावर आपण सुताचा भाव, उधारी, कर्ज यांची चर्चा करतो. आजचा विषय घरातला वाटेल, पण तोही रोजगाराचाच आहे. आपल्या घरातला दिव्यांग मुलगा किंवा मुलगी शाळा संपल्यावर कुठे जाते?

भिवंडीत माझे कापड विणणाऱ्या कारखान्यात एक जुने कामगार आहेत. त्यांचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर. बारावी चांगल्या गुणांनी पास झाला, कॉलेजात गेला आणि चार महिन्यांत घरी बसला. शाळेत शिक्षक त्याला ओळखत होते, समोर उभे राहून शिकवत होते. कॉलेजात त्याला काय लागते हे कोणी विचारले नाही आणि घरच्यांनी कोणाला सांगितले नाही. रमजानमध्ये मी त्याला जकातीचे पाकीट देऊ केले. त्याने ते घेतले नाही, गोदामातल्या ताक्यांकडे बोट दाखवले. मला शरम वाटली.

आज तो माझ्याकडे कापड तपासतो. तुटलेला धागा, तेलाचा डाग त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी केले एवढेच की काम तोंडी सांगण्याऐवजी चिठ्ठीवर किंवा मोबाईलवर लिहून देतो. माग चालू असताना त्या खडखडाटात आपण सगळेच इशाऱ्याने बोलतो, मग गोदामात अडचण कसली? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून त्याचे बी.कॉम.ही चालू आहे. पण ते एक वर्ष फुकट गेले. ते वाचवता आले असते. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट कागदांची. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड दहावीच्या आधीच काढा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असावे लागते. काही प्रमाणपत्रांना मुदत असते, ती संपली नाही ना हे पाहा. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. कमी दिसणे, मतिमंदत्व, स्वमग्नता, वाचण्या-लिहिण्यातली अडचण, थॅलेसेमिया हेही त्यात येतात.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट दिली आहे. पण हक्क आपल्या दारात चालत येत नाही. प्रवेशाच्या दिवशीच लेखी अर्ज द्या: तळमजल्यावर वर्ग, पुढचा बाक, लिहिलेल्या नोट्स, जे लागेल ते. अर्जाची पोच घ्या. परीक्षेत लेखनिक मिळण्यास पात्र असलेल्याला केंद्राच्या नियमांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. तेही आधी मागावे लागते.

तिसरी गोष्ट हुनराची. डिग्रीची वाट पाहू नका. अकरावीपासून सुटीत मुलाला दुकानात बसवा. वेळेवर येणे, एकट्याने बस-लोकलने प्रवास, बिल वाचणे, स्वतःच्या नावाचे बँक खाते चालवणे, आणि मला अमुक मदत लागते हे स्वतः सांगणे. नोकरीत हेच आधी पाहिले जाते. लाडाने सगळे आपणच केले तर मूल ते कधीच शिकत नाही. मुलींनाही हेच लागू आहे.

सल्ला व तपासणीसाठी मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग संस्था आहे. स्वतःचा धंदा करायचा असेल तर १९९७ साली स्थापन झालेले केंद्राचे दिव्यांग वित्त महामंडळ १८ वर्षांवरील व्यक्तीला सवलतीच्या व्याजाने कर्ज देते. आपल्या राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे त्याची चौकशी करा.

आता मालक म्हणून आपली जबाबदारी. ४ टक्के राखीव नोकऱ्या सरकारी आस्थापनांत आहेत. आपल्या पेढीला अशी सक्ती नाही, म्हणून ते आपल्या नियतीवर आहे. गरजूला जकात जरूर द्या. पण ज्याचे हात, डोळे किंवा डोके काम करू शकते त्याला काम द्या आणि पूर्ण मजुरी द्या. ती मजुरी जकातीत धरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. हुजूर (स.) यांनी त्यांना अजान देण्याचे काम दिले आणि स्वतः बाहेर असताना मदिनेत आपल्या जागी नेमले. त्यांच्यावर दया करून त्यांना कोपऱ्यात बसवले नाही, जबाबदारी दिली. आपल्या मोहल्ल्यात यंदा बारावी झालेले असे कोण आहे, हे या जुम्याला नमाजनंतर जरूर विचारा.