एक जुलैची संस्था : रोटरीचे युवा उपक्रम आणि सेवाकार्य

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. १ जुलैला गावोगावच्या क्लबांचे अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात, डिस्ट्रिक्टचे प्रांतपाल बदलतात आणि अमेरिकेतील इव्हान्स्टन येथील मुख्यालयात आंतरराष्ट्रीय अध्यक्षही बदलतो. सगळी पदे एका वर्षाची. या पद्धतीमुळे खुर्चीला कोणी चिकटून राहत नाही, दरवर्षी नव्या माणसाचा उत्साह कामाला लागतो. मात्र समाजसेवेची बरीच कामे वर्षात उरकणारी नसतात. शाळेतल्या मुलामुलींना घडवायला वर्षे लागतात, एखादा रोग हटवायला दशके. वर्षाच्या मुदतीत दशकांची कामे बसवण्यासाठी रोटरीने ज्या यंत्रणा उभ्या केल्या, त्यांत युवा उपक्रम आणि रोटरी फाउंडेशन या दोन सर्वांत महत्त्वाच्या.

उगम आणि रचना

पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पहिली बैठक घेतली. त्याच्यासह चौघे हजर होते : एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी. प्रत्येक व्यवसायातला एक सभासद घ्यायचा आणि सभा आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भरवायची, असा सुरुवातीचा रिवाज होता. परस्परांचा व्यवसाय वाढावा हा हेतू तेव्हा उघड होता. सेवेचे अंग नंतर वाढले. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून १९०७ मध्ये हाती घेतलेली मोहीम हे क्लबचे पहिले लोकोपयोगी काम मानले जाते.

भारतातला पहिला क्लब कोलकात्यात निघाला. त्याची सनद १९२० ची आहे. मुंबईचा क्लब १९२९ चा, पुण्याचा १९३६ चा. आज महाराष्ट्र आणि गोवा अनेक डिस्ट्रिक्टांत विभागले आहेत. मुंबईचे क्लब डिस्ट्रिक्ट ३१४१ मध्ये येतात, पुणे-रायगडचे ३१३१ मध्ये, नाशिक-नागपूरचे ३०३० मध्ये. तर कोल्हापूर, कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटक मिळून ३१७० होतो. आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदावर आतापर्यंत चार भारतीय आले : नितीश लाहिरी (१९६२-६३), राजेंद्र साबू (१९९१-९२), कल्याण बॅनर्जी (२०११-१२) आणि शेखर मेहता (२०२१-२२).

ऐंशीहून अधिक वर्षे रोटरी हा पुरुषांचा क्लब होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे क्लबच्या प्रकरणात स्त्रियांना सभासदत्व नाकारता येणार नाही, असा निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने घटनाच बदलली. पहिली स्त्री आंतरराष्ट्रीय अध्यक्ष, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, २०२२ मध्ये पदावर आल्या. युवा शाखांमध्ये मुली आज बरोबरीने पदे सांभाळताना दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

इंटरॅक्ट : शाळेतला क्लब

बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी इंटरॅक्ट क्लब असतो. पहिला क्लब नोव्हेंबर १९६२ मध्ये फ्लोरिडातील मेलबर्न हायस्कूलमध्ये २३ मुलांनी सुरू केला. लाहिरी यांच्या अध्यक्षपदाचे ते वर्ष. शाळेतला हा क्लब एखाद्या रोटरी क्लबच्या पालकत्वाखाली चालतो, पण त्याचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार विद्यार्थीच असतात. वर्षाला किमान दोन उपक्रम करणे अपेक्षित असते : एक आपल्या शाळेच्या किंवा गावाच्या उपयोगाचा, दुसरा इतर देशांची ओळख वाढवणारा.

या वयात उपक्रमाच्या आकारापेक्षा तो करताना लागणारी शिस्त मोलाची ठरते. सभेची विषयपत्रिका काढणे, इतिवृत्त लिहिणे, जमाखर्च मांडणे, मुख्याध्यापकांची परवानगी मिळवणे, ही कामे मुले प्रथमच करतात. शाळेतल्या इतर स्पर्धांत बक्षीस एकट्याला मिळते. इथे चौघांची कामे वाटून द्यावी लागतात आणि न केलेल्या कामाचा जाब सभेत द्यावा लागतो. पालक क्लबने लक्ष घातले, तर हे शिक्षण खरे होते. नुसत्या पदग्रहण समारंभापुरता क्लब काढला, तर मुलांच्या छातीवर बिल्ले लागतात आणि वर्ष तसेच सरते.

रोटरॅक्ट : पालकत्वातून बरोबरीकडे

अठरा वर्षांपुढील तरुणांचा पहिला रोटरॅक्ट क्लब १३ मार्च १९६८ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट येथे स्थापन झाला. महाविद्यालयाला जोडलेला आणि गाव-शहर पातळीवरचा, असे त्याचे दोन प्रकार आहेत. रक्तदान शिबिरे, किल्ल्यांची आणि समुद्रकिनाऱ्यांची स्वच्छता, वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या, मुलाखतीची तयारी, पथनाट्ये अशी कामे महाराष्ट्रातील रोटरॅक्टर करतात.

रोटरॅक्टला अनेक दशके 'रोटरीचा कार्यक्रम' एवढाच दर्जा होता आणि तिसाव्या वर्षी सभासदाला बाहेर पडावे लागे. तिशी ओलांडलेला कार्यकर्ता रोटरीत येईलच, असे गृहीत धरलेले असे. प्रत्यक्षात नोकरी, लग्न, स्थलांतर आणि रोटरीची चढी वर्गणी यांमुळे अनेक जण तिथेच सुटत. रोटरीच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये रोटरॅक्ट क्लबांना संघटनेचे सभासद म्हणून मान्यता दिली आणि १ जुलै २०२० पासून वयाची वरची अट काढली. त्यानंतर २०२२ पासून रोटरॅक्टरांकडून आंतरराष्ट्रीय वर्गणीही घेतली जाऊ लागली : महाविद्यालयीन क्लबातल्या सभासदाला वर्षाला ५ डॉलर, इतरांना ८ डॉलर. दर्जा आला तशी जबाबदारीही आली. या वर्गणीवरून तरुणांत बरीच चर्चा झाली, विशेषतः ज्या देशांत विद्यार्थ्याच्या हाती खर्चाला फारसे पैसे नसतात तिथे.

रायला : थोड्या दिवसांचे निवासी शिबिर

'रोटरी यूथ लीडरशिप अवॉर्ड' या लांबलचक नावाचे आद्याक्षरी रूप म्हणजे रायला. नावात पुरस्कार असला, तरी हे तीन ते दहा दिवसांचे शिबिर असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याची १९५९ मध्ये शताब्दी साजरी झाली, तेव्हा तिथल्या रोटरीने तरुणांचा जो मेळावा भरवला त्यातून ही कल्पना निघाली. रोटरी इंटरनॅशनलने ती १९७१ मध्ये अधिकृत केली.

भाषण कसे करावे, गटात मतभेद झाले तर काय करावे, वेळेचे आणि पैशाचे नियोजन कसे करावे, हे तिथे खेळांतून आणि गटकामातून शिकवतात. वेगवेगळ्या गावांतून निवडलेली, एकमेकांना न ओळखणारी मुले एकत्र राहतात, हे त्याचे वैशिष्ट्य. तालुक्याच्या गावातल्या मुलाला शहरी मुलांसमोर उभे राहून बोलण्याची संधी यात मिळते. शहरातल्या मुलीलाही गटात आपल्यापेक्षा जास्त व्यवहार जाणणारा ग्रामीण मुलगा भेटतो.

युवक विनिमय : परक्या घरात एक वर्ष

रोटरीचा सर्वांत जुना युवा उपक्रम विनिमयाचा आहे. फ्रान्समधील नीस येथील क्लबने १९२७ मध्ये त्याची सुरुवात केली. पंधरा ते एकोणीस वयाचा विद्यार्थी साधारण दहा महिने ते वर्षभर परदेशात राहतो, तिथल्या शाळेत जातो आणि त्या काळात एकाहून अधिक यजमान कुटुंबांत मुक्काम करतो. राहण्याजेवण्याचा भार यजमानांवर असतो आणि यजमान क्लब थोडा हातखर्च देतो. प्रवास, विमा, व्हिसा यांचा खर्च पालक करतात.

नियम कडक आहेत. मद्य, अमली पदार्थ, वाहन चालवणे आणि प्रेमप्रकरण या चारही गोष्टींना मनाई असते. यजमान कुटुंबांची आधी चौकशी होते आणि विद्यार्थ्याला अडचण सांगता यावी म्हणून कुटुंबाबाहेरचा एक सल्लागार नेमलेला असतो. मुलगा परदेशी गेला की त्याच्या घरीही बहुधा परदेशी विद्यार्थी येतो, त्यामुळे हा अनुभव साऱ्या घराचा होतो. भाकरी खाणारी जर्मन मुलगी आणि मोडकी मराठी बोलणारा ब्राझिलियन मुलगा महाराष्ट्रातल्या अनेक शहरांनी पाहिला आहे. कोविडच्या साथीत हा उपक्रम थांबला होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. त्याची मर्यादा उघड आहे : भाड्याचे आणि विम्याचे पैसे भरू शकणाऱ्या, पाहुण्याला स्वतंत्र खोली देऊ शकणाऱ्या घरांनाच तो परवडतो.

फाउंडेशन : पैशाचे गणित

क्लबची वर्गणी सभा, कार्यालय आणि लहानसहान उपक्रमांत संपते. मोठ्या कामांना रोटरी फाउंडेशन पैसा पुरवते. आर्च क्लम्फ या अध्यक्षाने १९१७ मध्ये कायम निधीची कल्पना मांडली. पहिली देणगी २६ डॉलर ५० सेंटची होती. पॉल हॅरिस १९४७ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्याच वर्षी परदेशी शिक्षणासाठी पहिल्या शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. देणगीदार देशांत भारत आता अमेरिकेच्या खालोखाल गणला जातो.

डिस्ट्रिक्टने वार्षिक निधीत दिलेले पैसे तीन वर्षे गुंतवले जातात आणि नंतर त्यांतला जवळपास निम्मा वाटा त्याच डिस्ट्रिक्टकडे परत येतो. आजचा प्रांतपाल जी रक्कम खर्च करतो ती त्याच्या आधी तिसऱ्या वर्षी जमलेली असते, आणि त्याने जमवलेली रक्कम त्याच्यानंतरचा तिसरा प्रांतपाल खर्च करतो. एका वर्षाच्या पदाला मागच्या-पुढच्या वर्षांशी बांधणारी ही साधी तरतूद आहे. 'ग्लोबल ग्रँट'ला दोन देशांतले क्लब भागीदार लागतात आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. गावाची गरज आधी तपासल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

उच्च शिक्षणाच्या अंगाने फाउंडेशन जगातील काही विद्यापीठांत शांतता-अभ्यास केंद्रे चालवते. अशा केंद्रासाठी पुण्याच्या सिम्बायोसिस इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीची निवड झाली आहे.

पोलिओ : चार दशकांचे एकच काम

रोटरीचे सर्वांत मोठे सेवाकार्य पोलिओचे. फिलिपिन्समध्ये १९७९ साली साठ लाख मुलांना डोस देण्याच्या प्रकल्पाने ते सुरू झाले. पुढे १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' जाहीर झाले. उद्दिष्ट होते १२ कोटी डॉलर जमवण्याचे. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र आणि रोटरी यांनी संयुक्त मोहीम उभारली. तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले लुळी पडत होती.

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू झाली. लस, शीतसाखळी आणि आरोग्यसेवक सरकारचे होते. रोटरीने निधी, प्रचारसाहित्य आणि स्वयंसेवक पुरवले. बूथ सजवणे, मुलांना बोलावून आणणे, डोस घेतलेल्या मुलाच्या करंगळीवर खूण करणे ही कामे रोटरीयन, रोटरॅक्टर आणि शाळकरी इंटरॅक्टर यांनी मिळून केली. पश्चिम उत्तर प्रदेशात लसीबद्दल अफवा पसरल्या, तेव्हा मुस्लिम धर्मगुरूंची समिती रोटरीने स्थापली आणि त्यांच्याकडून आवाहने करवली. देशात २००९ मध्ये ७४१ रुग्ण आढळले, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच : पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली एक मुलगी, १३ जानेवारीला. त्यानंतर जंगली विषाणूचा रुग्ण भारतात आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान हे दोनच देश आता या विषाणूचे बालेकिल्ले उरले आहेत. काम संपेपर्यंत प्रत्येक नव्या अध्यक्षाने पोलिओला अग्रक्रम द्यायचा, हा दंडक रोटरीने पाळला म्हणूनच हे साधले.

आरोग्य, शाळा, पाणी

स्थानिक सेवाकार्यात मोतीबिंदू शस्त्रक्रिया, रक्तपेढ्यांना यंत्रे, डायलिसिस केंद्रे, जयपूर फूटची वाटप शिबिरे, दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया हे नेहमीचे प्रकल्प. 'गिफ्ट ऑफ लाइफ' ही मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची योजना १९७५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्लबने युगांडातल्या एका मुलीसाठी सुरू केली आणि पुढे ती अनेक देशांत गेली. शिक्षणात भारतीय रोटरीचा भर शिक्षक-साहाय्य, ई-लर्निंग, प्रौढ साक्षरता, शाळाबाह्य मुले आणि 'हॅपी स्कूल' यांवर आहे. हॅपी स्कूलमध्ये बाके, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे पुरवली जातात. दुष्काळी तालुक्यांत बंधारे आणि गाळ काढण्याची कामे होतात.

या सगळ्यात क्लबची खरी पुंजी सभासदांच्या व्यवसायात आहे. डॉक्टर शस्त्रक्रिया करतो, अभियंता बंधाऱ्याचा आराखडा काढतो, सनदी लेखापाल हिशेब तपासतो. विकत घ्यायचे झाल्यास हे श्रम देणगीपेक्षा महाग पडतील.

उणिवा

एक जुलैच्या पद्धतीचे तोटे कामांत दिसतात. नव्या अध्यक्षाला स्वतःच्या वर्षाचा नवा प्रकल्प हवा असतो. गेल्या वर्षीच्या ई-लर्निंग संचाची दुरुस्ती कोणाच्याच यादीत येत नाही. पुरस्कारांसाठी प्रकल्पांची संख्या मोजली जाते, त्यामुळे वाटपाचे कार्यक्रम वाढतात. पदग्रहण समारंभांवर आणि परिषदांवर होणारा खर्च टीकेचा विषय असतो. वर्गणी आणि इंग्रजी वळणाचा कारभार यांमुळे शेतकरी, कामगार, छोटे दुकानदार बहुधा बाहेर राहतात. युवा शाखांतही चांगल्या शाळा-महाविद्यालयांचाच वरचष्मा आढळतो.

जिथे क्लबांनी या उणिवांवर मात केली, तिथे तीन गोष्टी आढळतात. पुढच्या दोन अध्यक्षांना आधीच प्रकल्पसमितीत घेतलेले असते. वास्तू किंवा यंत्र दिल्यावर देखभालीचा करार शाळेशी वा ग्रामपंचायतीशी केलेला असतो. आणि इंटरॅक्टपासून रोटरॅक्टपर्यंत तीच मुले त्याच वस्तीशी, त्याच शाळेशी जोडलेली राहतात. पदाधिकारी दरवर्षी बदलले तरी असे काम अडत नाही.